नाव गाळून उचललेले लेख : वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

हिवाळी अधिवेशन किंवा निवडणूक जवळ आली की माझ्याकडच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. ब्लॉगवर लिहिलेला मजकूर एखाद्या नेत्याच्या लेखात, कार्यअहवालात नाहीतर वाढदिवसाच्या पुरवणीत जसाच्या तसा छापून येतो आणि लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. पत्रं वेगवेगळी असली तरी गैरसमज तेच असतात, म्हणून यावेळी सगळी उत्तरं एकत्र देते. पत्रलेखकांची आणि नेत्यांची ओळख काढली आहे. इथे फक्त दिशा मिळेल. नोटीस पाठवण्याआधी कागद घेऊन वकिलाला भेटाच.

मी ब्लॉगची नोंदणी केलेली नाही. तरी माझा हक्क आहे का? (मानेवाडा)

आहे. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे मजकूर लिहिला की हक्क तयार होतो. नोंदणी ऐच्छिक आहे.

एका एजन्सीने 'इंटरनॅशनल कॉपीराइट सर्टिफिकेट'साठी 15 हजार रुपये मागितले. द्यावेत का? (सक्करदरा)

एक रुपयाही देऊ नका. लेखनाच्या एका कृतीच्या नोंदणीची सरकारी फी 500 रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. नोंद झाली की न्यायालयात तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो, नोंदणीचा उपयोग हाच. आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट नावाचा प्रकारच नाही. भारत बर्न करारात, म्हणजे लेखकांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे इतर सदस्य देशांतही नोंदणीशिवाय संरक्षण मिळतं. लेख स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट बंद ठेवण्याचा सल्लाही अनेकांना मिळालेला दिसतो. त्या पाकिटावर विसंबू नका.

मी इतवारीत वाढले. मारबतीवर, म्हणजे आमच्याकडे मिरवणुकीने निघणाऱ्या पुतळ्यांवर, ब्लॉगवर मोठा लेख लिहिला होता. यंदा एका स्मरणिकेत तो एका नेत्यांच्या नावाने आला. सुरुवातीचे दोन परिच्छेद खालीवर केलेत, बाकी सगळा माझाच. त्यांच्या पीएंना फोन केला तर म्हणाले, "ताई, मारबत काय तुमची एकटीची आहे का? अन् नेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचंच झालं नं." (महाल)

पीएंचं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं साफ खोटं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बडग्यांचे पुतळे निघतात, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी उठते. हे अख्ख्या नागपूरचं आहे. प्रथा, माहिती, इतिहास, कल्पना यांवर कोणाचाच कॉपीराइट नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आणि कसोटीही दिली: दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी पहिलीवरून उचलली आहे असं निःसंशय वाटतं का?

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही प्रती मी शेजारी ठेवून वाचल्या. तुमच्या लेखात मावशीच्या गच्चीवरून मिरवणूक बघण्याचा प्रसंग आहे, मारबत वळणावर यायच्या आधी तिच्या हातांची सावली समोरच्या भिंतीवर पडायची हे वाक्य आहे. स्मरणिकेत ती मावशी आहे, गच्ची आहे आणि सावलीही आहे. त्याच स्मरणिकेतल्या परिचयानुसार नेत्यांचं बालपण मात्र दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. तुम्ही 'मिरवणूक' एका ठिकाणी ऱ्हस्व 'णु' वापरून लिहिलं आहे, स्मरणिकेतही नेमकं त्याच ठिकाणी ते ऱ्हस्व आहे. विचार दोघांना सुचू शकतो, पण तीच चूक त्याच ओळीत दोघांकडून होत नाही. ती ओळ जपून ठेवा.

आता नेटबद्दल. वाचायला खुलं ठेवणं आणि दुसऱ्याने स्वतःच्या नावावर छापणं यांचा काही संबंध नाही. त्यात कॉपीराइट कायद्याचं कलम 57 खास तुमच्यासाठी आहे. त्यात लेखकाला दोन हक्क आहेत: ही कृती माझी आहे असं सांगण्याचा, आणि नावलौकिकाला धक्का बसेल अशी मोडतोड झाली तर ती थांबवण्याचा किंवा भरपाई मागण्याचा. लेखाचे आर्थिक हक्क विकले तरी हे हक्क लेखकाकडेच राहतात. शेत ठोक्याने दिलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही, तसंच हे. समोर सत्ता असली तरी हे कलम चालतं. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये काढून टाकलं, तेव्हा शिल्पकार अमरनाथ सहगल सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना 5 लाखांची भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत दिले. मध्ये किती वर्षं गेली तेही बघा.

एक खात्री करून घ्या. हा लेख तुम्ही आधी कधी स्मरणिका काढणाऱ्या मंडळाला छापायला दिला होता का? जुने मेल, व्हॉट्सॲप तपासा. तसं असेल तर नोटिशीची भाषा वेगळी असेल. मग वकिलाकडे जा.

30 टक्के शब्द बदलले की चालतं म्हणतात. खरं का? (हिंगणा)

नाही. कायद्यात अशी टक्केवारी कुठेच नाही. एआयकडून शब्द फिरवून घेतले तरी कसोटी वर सांगितली तीच.

नाग नदीवरचा माझा लेख एका आमदारांनी अधिवेशनात स्वतःचा अभ्यास म्हणून जवळजवळ पूर्ण वाचला. दावा करता येईल का? (धरमपेठ)

सभागृहात जे बोलले त्यासाठी नाही. घटनेच्या अनुच्छेद 194 प्रमाणे सदस्याने सभागृहात केलेल्या वक्तव्याबद्दल कोणत्याही न्यायालयात कारवाई होत नाही. हे संरक्षण लोकशाहीसाठी आवश्यक आहे आणि ते राहिलंच पाहिजे. पण ते सभागृहापुरतं आहे. 1961 मध्ये जतीशचंद्र घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सदस्याने तोच मजकूर स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर प्रसिद्ध केला तर हे कवच मिळत नाही. तो खटला बदनामीचा होता, त्यामुळे तुमच्या प्रकरणात त्याचा आधार कसा घ्यायचा हे वकिलाशी बोलून ठरवा. त्या भाषणाची पुस्तिका निघाली आहे का, आमदारांच्या पेजवर लेखाच्या रूपात ते आलं आहे का, हे आधी शोधा. काहीच नसेल तर आमदारांना लेखी पत्र द्या आणि पुढच्या भाषणात नाव घेण्याची विनंती करा. पोच घ्यायला विसरू नका.

संत्र्याच्या फळगळीवर मी ब्लॉगवर लेखमाला लिहिली. आमच्या भागातल्या नेत्यांच्या पेजवर आणि कार्यअहवालात तिचे तीन भाग त्यांच्या नावाने आले. मित्र म्हणतात, दोन्ही शेजारी शेजारी टाकून फेसबुकवर उघडं पाड. घरचे म्हणतात, साहेब आपलेच आहेत, निवडणूक होऊ दे, मग बघू. काय करू? (काटोल)

दोन्ही करू नका. लोकांची चांगली प्रकरणं इथेच हातची जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

रागाच्या भरात पोस्ट टाकली जाते. सकाळपर्यंत नेत्यांच्या पेजवरचा मजकूर गायब होतो. तक्रारदाराकडे उरतो एक कापलेला स्क्रीनशॉट, ज्यावर ना पत्ता असतो ना तारीख. समोरचा वकील म्हणतो, हे तुम्हीच बनवलं. मग माझ्याकडे येऊन लोक विचारतात, आता काय? तेव्हा फार थोडं हातात राहिलेलं असतं.

तेव्हा आज रात्री कोणालाही न सांगता एवढं करा. त्या पेजवरचा मजकूर वरपासून खालपर्यंत जतन करा. पूर्ण वेबपत्ता, तारीख, वेळ दिसली पाहिजे. ते पान वेबॅक मशीनसारख्या सार्वजनिक संग्रहात साठवता येत असेल तर साठवा. कार्यअहवालाच्या छापील प्रती मिळवा, ज्या पानावर मुद्रकाचं नाव असतं ते पान फाटलेलं नको. तुमच्या लेखांची पहिली प्रसिद्धी दाखवणारी ब्लॉगची नोंद, कच्चे खर्डे, बागेतले मूळ फोटो, मित्रांना पाठवलेले दुवे एकत्र करा. आणि मूळ लेखाला हात लावू नका. कित्येक जण घाईघाईने जुन्या लेखावर 'सर्व हक्क राखीव' लिहायला जातात, तारीख बदलते, आणि मग आधी कोणी लिहिलं यावरच वाद सुरू होतो. ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. 1 जुलै 2024 पासून हा विषय भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारी फाइलची सांकेतिक खूण, नोंदवावी लागते. हे केवळ सोपस्कार आहेत असं समजू नका. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर खटल्यात, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे असं बजावलं. तेव्हा जुना साक्ष कायदा होता, प्रमाणपत्राची गरज आजही कायम आहे.

पुरावा शाबूत असला तर काय होतं याचं उदाहरण कॅनडात आहे. स्टीफन हार्पर विरोधी पक्षनेते असताना 2003 मध्ये त्यांनी इराकवर भाषण केलं. त्याचा मोठा भाग ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या दोन दिवस आधीच्या भाषणाशी शब्दशः जुळत होता. हे उघड झालं 2008 च्या निवडणुकीत, म्हणजे पाच वर्षांनी. तोवर हार्पर पंतप्रधान झाले होते. विरोधकांनी दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी दाखवल्या आणि वाद घालायला जागाच उरली नाही. भाषण लिहिणाऱ्याने चूक कबूल करून प्रचाराचं काम सोडलं.

आता जाहीर आरोपाबद्दल. नेत्याला 'चोर' म्हणालात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची तक्रार तुमच्यावरच होऊ शकते. जनहितासाठी खरं बोलणं हा बचाव आहे, पण तो सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. मूळ तक्रारदार आरोपी म्हणून तारखांना उभा राहिलेला मला बघवत नाही.

आणि घरच्यांचं 'मग बघू'. भरपाईच्या दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. अंतरिम मनाई, म्हणजे निकालाआधीच थांबवण्याचा आदेश, मागायला गेलात की न्यायालयाचा पहिला प्रश्न असतो, इतके दिवस का गप्प होता? दाव्याचं मूल्य 3 लाख किंवा त्याहून जास्त असेल आणि तातडीची मागणी नसेल, तर व्यावसायिक न्यायालय कायद्यानुसार आधी मध्यस्थीला जावं लागतं. वर्षभर स्वस्थ बसलेल्याची तातडी कोणाला पटेल? मजकूर साठवणाऱ्या सेवेकडे लेखी तक्रार केल्यावर 36 तासांत तो बंद करण्याची तरतूद कॉपीराइट नियम, 2013 मध्ये आहे, पण 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. तुमच्या प्रकरणात ती तरतूद लागू होते का हे तपासावं लागेल. म्हणून तक्रारीच्या आधीच वकील ठरलेला हवा.

साहेब आपले असतील तर उत्तमच. वकिलामार्फत शांत भाषेतली नोटीस गेली तर आपला माणूस लवकर दुरुस्ती करेल. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करण्याची सोय कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 मध्ये आहे, त्यासाठी मुंबई-दिल्ली करायची गरज नाही. नागपूर खंडपीठात थेट दावा टाकता येईल का, असंही काही जण विचारतात. येत नाही, जिल्हा न्यायालयातूनच सुरुवात होते.

राजकीय विषयावरचा माझा ब्लॉगलेख एका साप्ताहिकाने न विचारता छापला. ते म्हणतात, कायद्यात सूट आहे. (वर्धा)

आहे. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख नियतकालिकाला पुन्हा छापता येतो, पण लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तरच. पुढच्या प्रत्येक लेखाखाली प्रसिद्ध करतानाच 'पुनर्मुद्रणाचे सर्व हक्क राखीव' ही ओळ टाका. ही सूट नियतकालिकांसाठी आहे, तिचा आधार घेऊन नेत्याने स्वतःचं नाव लावणं बसत नाही.

मी एका नेत्यांना भाषणं लिहून देतो. पैसे ठरले होते, मिळाले नाहीत. आता तीच भाषणं पुस्तकरूपात त्यांच्या नावाने येत आहेत. (कामठी)

गुंतागुंतीचं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 मध्ये जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा मानला आहे, लिखित मसुद्याचा मालक मात्र सामान्यतः लिहिणारा असतो. हक्क हस्तांतरणाला कलम 19 प्रमाणे सहीचा लेखी कागद लागतो, तोंडी 'तुमचंच आहे साहेब' पुरत नाही. तुम्ही पगारी होता की कामापुरते, यावर सगळं अवलंबून आहे. मेल, मेसेज, बँकेच्या नोंदी घेऊन पुस्तक बाजारात येण्याआधी वकिलाला भेटा. या आठवड्यातच.

पोलीस ठाण्यात गेलो तर 'दिवाणी बाब आहे' म्हणाले. निवडणूक आयोगाकडे जाऊ का? (उमरेड)

आयोगाचा यात संबंध नाही. पोलिसांचं म्हणणं मात्र पूर्ण बरोबर नाही. जाणूनबुजून केलेलं उल्लंघन कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड 50 हजार ते 2 लाख. तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. तरी धमकी म्हणून हे कलम वापरू नका. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम 60 खाली उलट दावा होतो. लेखी तक्रार वकिलाकडून तयार करून घ्या.

मी एका लोकप्रतिनिधींचं पेज सांभाळतो. व्हॉट्सॲपवर आलेला लेख साहेबांच्या नावाने टाकला, आता मूळ लेखिकेचा मेल आला आहे. डिलीट करून टाकू का? (वर्धा रोड)

गुपचूप डिलीट करू नका, ते लपवाछपवीसारखं दिसतं. पोस्टची नोंद ठेवा, साहेबांना आजच सांगा आणि ताईंच्या मेलला आजच उत्तर द्या. त्यांना मान्य असेल तर त्याच पेजवर, तितक्याच ठळकपणे त्यांचं नाव आणि दिलगिरी टाका. नको असेल तर लेख काढा आणि का काढला ते लिहा. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, त्यामुळे मानधनाचा विषय त्यांनी काढला तर तोही त्यांचा हक्क आहे. दिलगिरीचा मजकूर टाकण्याआधी पक्षाच्या वकिलांना दाखवून घ्या, पण त्या निमित्ताने दोन दिवस घालवू नका.