घोरणे थांबले, पण झोप?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५२ आहे. झोपेच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला सरासरी २२ वेळा अडतो असे आढळले. सीपॅपचा (श्वासाची वाट उघडी राहावी म्हणून दाबाने हवा सोडणाऱ्या यंत्राचा) मास्क त्यांना सोसवला नाही, म्हणून गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचे तयार उपकरण ऑनलाइन मागवले. घोरणे जवळपास बंद झाले, पण दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतोच. झोप सुधारली असे समजावे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यावरून तसे समजता येणार नाही. घोरणे हा घशातील सैल भागांच्या कंपनाचा आवाज आहे. तो थांबला तरी श्वास अडणे चालू राहू शकते, आणि बहुतेक वेळी मेंदू क्षणभर जागा होत असल्याने सकाळी काही आठवत नसले तरी झोपेचे तुकडेच पडलेले असतात. दुपारची पेंग बहुधा तेच सांगते आहे.

हे उपकरण खालचा जबडा पुढे धरून ठेवते, त्यामुळे जिभेचे मूळ पुढे सरकते आणि श्वासाची वाट मोकळी राहते. सगळी मदार जबडा किती पुढे आणला यावर असते. दंतवैद्य मापे घेऊन बनवतात ते उपकरण काही आठवडे थोडे थोडे पुढे नेता येते. तयार उपकरणांत ही सोय क्वचितच नीट साधते, शिवाय ती सैलही बसतात. त्यामुळे मी तुमच्या पैशांपेक्षा वाया गेलेल्या रात्रींची चिंता अधिक करेन.

सीपॅप सोडल्याबद्दल मात्र यजमानांना बोल लावू नका. सिडनीतील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०८ रुग्णांनी दोन्ही उपचार प्रत्येकी महिनाभर वापरले. श्वास अडण्याचे प्रमाण सीपॅपने तासाला ४.५ पर्यंत, तर मापाच्या उपकरणाने ११.१ पर्यंत उतरले. परंतु रुग्ण उपकरण रात्री सरासरी ६.५ तास आणि सीपॅप ५.२ तास वापरत होते, आणि दिवसाची झोपाळू अवस्था दोन्हींनी सारखीच कमी झाली.

सकाळी जबडा आखडणे, लाळ गळणे हे त्रास बहुधा ओसरतात. वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवण किंचित बदलू शकते, म्हणून दंततपासणी चुकवू नये. मापाचे उपकरण स्थिरावल्यावर ते तोंडात ठेवूनच झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. तोपर्यंत पेंग येत असताना त्यांना गाडी चालवू देऊ नका.