एकरामागे साडेचार गुंठे

जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळायची पद्धत, शिकताना सॉफ्टवेअर कोणतं, यावर महिना घालवू नकोस. क्यूजीआयएस मोफत आहे, पुरतं. खरी मेख प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीत आहे. वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणावर सपाट मोजणी केलीस, तर पुण्याच्या अक्षांशाला, म्हणजे साधारण १८.५ अंशांवर, लांबी सुमारे ५ टक्के आणि क्षेत्रफळ ११ टक्के जास्त भरतं. एक एकर रान जवळपास साडेचार गुंठ्यांनी फुगतं! सुरुवातीला मीही ही चूक केली होती. सगळे तक्ते पुन्हा करावे लागले. पुणे यूटीएम या पट्ट्यापट्ट्यांत विभागलेल्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर विभागात येतं, मोजमाप त्यातच कर.

रचना करण्याआधी वापरणाऱ्याला भेट. ड्रेनेजचं झाकण शोधणाऱ्या मुकादमाला रंगीत थर नकोत, जवळची खूण हवी असते.

आणि तपासणी खुर्चीत बसून होत नाही. जुना नकाशा ज्या बिंदूंशी जुळवून संगणकावर बसवलास, तेच तपासायला घेऊ नकोस, चूक दिसणारच नाही. वेगळे बिंदू निवड, लकडी पुलाची टोकं घे, पेठांमध्ये पायी फीर. तिथल्या बोळांत उंच इमारतींमुळे मोबाइलचं जीपीएस भरकटतं, म्हणून वाड्याचा कोपरा टेपने मोजून पक्का कर.