गावाचा बाल-आराखडा: आवणी आणि द्राक्षांचा हंगाम धरून करा

पेठ तालुक्यातल्या तुमच्या ग्रामपंचायतीला पुढच्या वर्षीच्या आराखड्यात सहा वर्षांखालची मुलं आणि त्यांच्या आयांसाठी काहीतरी ठोस घालायचंय, आणि अंगणवाडीला रंग नि खेळणी यापलीकडे कुणाला काही सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

रंग राहू द्या. आधी वर्षाचे बारा महिने कागदावर मांडा. तुमच्या भागात मुलं दोनदा हातातून निसटतात. जुलैत आवणीला, म्हणजे भातलावणीला, आई दिवसभर चिखलात असते आणि तान्हं आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दिवाळीनंतर घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, तेव्हा मूल इथल्या अंगणवाडीतही नसतं आणि तिथल्याही. आराखडा या दोन खिंडारांसाठी करा.

सुरुवात पाड्यावार यादीपासून. प्रत्येक मुलाची जन्मतारीख, जन्मवजन, आजचं वजन, उंची, दंडघेर, आणि घरचे कधी, कुठे कामाला जातात. जन्मतारीख लसीकरणाच्या कार्डावरूनच घ्या. अंदाजाने लिहिली तर दोन-तीन महिन्यांचा फरक पडतो आणि वयानुसार वजनाची श्रेणीच चुकते. वजनकाटा सपाट फरशीवर, आधी शून्यावर, मूल कमीत कमी कपड्यांत. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजा, त्यावरच्याची उंची उभं करून. दंडघेराची पट्टी डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर लावा. ती आवळली की आकडा खोटा येतो. सहा महिने ते पाच वर्षे वयात 11.5 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतोय का तेही बघा. खड्डा राहिला, किंवा मूल खायलाच तयार नसेल, तर गावात उपचार करत बसू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, तिथून ते पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतील. पुनर्वसन केंद्रातून आया उपचार अर्धवट सोडून परत येतात, कारण घरी दुसरी लेकरं असतात आणि मजुरी बुडते. ती लेकरं कोण बघणार हे आराखड्यात नावानिशी लिहा.

आवणीसाठी पाळणाघर मागा. तीन वर्षांखालची बारा मुलं, दोन बायका, 35 दिवस असं धरू. रोजी 300 धरली तर 21,000, खाण्याला मुलामागे रोज 30 रुपयांनी 12,600. एकूण 33,600, शिवाय सतरंज्या, झाकणाचं पिंप, ओआरएस. एवढ्यासाठी नवी खोली बांधायची गरज नाही. जागा मात्र शेताजवळची हवी, म्हणजे आई मध्ये येऊन पाजून जाईल. गावाच्या दुसऱ्या टोकाला केलंत तर अंगावर पिणारी मुलं येणारच नाहीत.

खाण्यात नेहमीची चूक म्हणजे पातळ पेज. पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट द्या. मोड आणून वाळवलेल्या नागलीचं (नाचणीचं) पीठ वापरलं तर ते शिजल्यावर सैल राहतं, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ मावतं. वर चमचाभर तेल आणि शेंगदाण्याचं कूट. सहा महिन्यांपुढे दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा.

पैसा कुठून? ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी राखायचेच असतात. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधीही मिळतो, म्हणजे तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. गरोदर आणि स्तनदा मातांचं जेवण, मुलांची अंडी-केळी हे आदिवासी भागासाठीच्या सरकारी अमृत आहार योजनेत आहेच. त्यावर पुन्हा खर्च दाखवू नका, ते नियमित मिळतंय का एवढं पाहा.

द्राक्षांच्या हंगामासाठी पैशापेक्षा वेळेवर हालचाल लागते. निघण्याआधी प्रत्येक मुलाचं वजन, राहिलेली लस आणि कार्ड आईच्या हातात. ज्या गावी जाणार तिथल्या सेविकेला आपल्या सेविकेने फोन करून नावं सांगायची आणि स्थलांतराची ऑनलाइन नोंदही करायची. फक्त नोंदीवर विसंबू नका, मळ्यातली झोपडी गावठाणापासून लांब असते आणि तिथल्या सेविकेला ती सापडत नाही. मुकादमाचा नंबर लिहून घ्या. होळीला माणसं परतली की आठवड्याच्या आत सगळ्यांची पुन्हा वजनं. घसरण इथेच दिसते आणि आवणीआधी तीन महिने हातात मिळतात.

हे सगळं 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच मंजूर करून घ्या, त्याआधीच्या महिला सभेत ठराव करून. दिवाळीनंतरच्या सभेला ज्यांच्यासाठी आराखडा आहे ती माणसंच गावात नसतात. आणि महिला सभेची तारीख आठवडे बाजाराच्या दिवशी घालू नका.