न उतरता बुधावरचं गंधक कसं मोजलं?

प्रश्न : 'मेसेंजर' यान 2011 ते 2015 बुधाभोवती फिरलं; मोहीम चालू असताना उतरलं कधीच नाही. मग तिथल्या खडकांत चार टक्क्यांपर्यंत गंधक आहे हे कशावरून ठरवलं? रंगावरून का?

उत्तर : रंगावरून नाही. बुधावरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट जवळजवळ सपाट आहे. खनिजांच्या ओळखीच्या खुणा त्यात सापडत नाहीत. गंधक सापडलं ते क्ष-किरणांत.

मी प्रयोगशाळेत खडकांचं हेच विश्लेषण करत आले. खडक दळायचा, पूड दाबून तिची वडी करायची आणि ती क्ष-किरण नळीसमोर ठेवायची. नळीतले किरण आदळले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं : सिलिकॉन 1.74 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे, गंधक 2.31चे, लोह 6.4चे. बुधावर नळीचं काम सूर्य करतो, आणि हवा नसल्यातच जमा असल्यामुळे पृष्ठभागातून निघालेले किरण वाटेत शोषले न जाता यानापर्यंत पोचतात. शुक्रावर हे अशक्यच.

पण माझी नळी माझ्या ताब्यात असे. सूर्याचं क्ष-किरणांतलं तेज सतत बदलतं, म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला एक वेगळा डिटेक्टर यानाच्या उष्णतारोधक पडद्यावर बसवला होता. एवढं करूनही निष्कर्ष मांडले ते सिलिकॉनशी असलेल्या गुणोत्तरातच. मला तीच प्रामाणिक पद्धत वाटते. सूर्य शांत असताना मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन दिसत. गंधक, कॅल्शियम, लोह यांच्यासाठी सौरज्वालेची, म्हणजे सूर्यावरच्या अचानक भडक्याची, वाट पाहावी लागे.

आणखी एक पेच होता. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांच्या ऊर्जा इतक्या जवळजवळ आहेत की क्ष-किरण मोजणाऱ्या, वायूने भरलेल्या साध्या गणकाला त्या वेगळ्या दिसतच नाहीत. म्हणून तीन गणक नेले : एकासमोर मॅग्नेशियमचा पातळ पत्रा, दुसऱ्यासमोर ॲल्युमिनियमचा, तिसरा उघडा. तिघांच्या नोंदींतल्या फरकावरून मूलद्रव्यं सुटी केली. या युक्तीचं मला अजूनही फार कौतुक वाटतं.

गंधक भरपूर आणि लोह जेमतेम दीड-दोन टक्के, ही जोडी मोलाची आहे. बुध घडताना ऑक्सिजन फार कमी होता, असं ती सांगते : लोहाला ऑक्सिजन मिळाला नाही, ते धातूच राहून गाभ्यात बुडालं, आणि अशा वितळलेल्या खडकात गंधक सहज विरघळतं.

मर्यादाही लक्षात ठेवा. हे किरण पृष्ठभागाच्या मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ थरातून येतात. त्याखालचं यातून कळत नाही. शिवाय 'मेसेंजर'ची कक्षा लांबट होती. सुरुवातीला उत्तरेवर ते सुमारे 200 किलोमीटरपर्यंत खाली येई, तर दक्षिणेकडून सुमारे 15,000 किलोमीटरवरून जाई, त्यामुळे दक्षिण गोलार्धाचा नकाशा ढोबळच राहिला. 2018 मध्ये निघालेल्या 'बेपीकोलंबो' या पुढच्या बुध-मोहिमेच्या मुख्य कक्षायानासाठी 480 ते 1,500 किलोमीटरची कक्षा आखली आहे आणि त्यावर क्ष-किरण दुर्बीणही आहे. दक्षिणेतल्या गंधकाचा नीट हिशेब तिच्याकडून मिळेल, अशी माझी अपेक्षा आहे.