पोरगी नाचायचीच थांबली

"मॅडम, शोमधून बाहेर पडल्यापासून पोरगी नाचतच नाही. डिप्रेशन तर नसेल ना?"

टीव्हीवरचा डान्स शो संपत आला की असा एखादा फोन येतोच. हे आईवडील कोल्हापूरकडचे, मुलगी अकरा वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) ऑडिशन पार करून ती मुंबईच्या स्टुडिओपर्यंत पोचली आणि पहिल्याच फेरीत परत आली. त्याला दोन महिने झाले. क्लास बंद, घुंगरू कपाटात, गाणं लागलं की उठून आतल्या खोलीत.

आधी नेहमीचं विचारून घेतलं. झोप व्यवस्थित. डबा संपवून येते. शाळा, मैत्रिणी, धाकट्या भावाशी मारामाऱ्या, सगळं जागच्या जागी. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली, शाळा नकोशी झाली, 'मी कशाच्याच लायकीची नाही' अशी भाषा आली, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. इथे मात्र फक्त नाच गेला होता, नेमका तेवढाच. मला तेच खटकलं.

बोलत होते ते वडील. १९९६ साली 'बुगी वुगी' सुरू झालं तेव्हा ते शाळेत होते. गॅदरिंगमध्ये नाचायचे, मग आजोबांनी एकदा सगळ्यांदेखत कान पकडून स्टेजवरून खाली उतरवलं. तिथे थांबलं ते थांबलंच. मुलीच्या क्लाससाठी, ड्रेससाठी, मुंबईतल्या मुक्कामासाठी त्यांनी बिनपगारी रजा काढल्या होत्या. "पैशाचं काही नाही हो," असं ते तासाभरात चार वेळा म्हणाले. चारही वेळा मुलगी आपल्या चपलांकडे बघत होती.

दुसऱ्या वेळी तिला एकटीला बसवलं. नाचाचा विषयच काढला नाही. कागद, स्केचपेन दिले आणि शूटिंगचा दिवस काढायला सांगितला. तिने स्टेज काढलंच नाही. खुर्च्या काढल्या, एकामागे एक, पानभर. सकाळी सातला मेकअप, नाचायची पाळी आली रात्री. त्यात एक स्टेप तिला लाज वाटावी अशी होती, पण "सर म्हणाले, मोठ्या बायकांसारखं हास." शेवटची खुर्ची रंगवता रंगवता ती हळूच म्हणाली, "मी परत नाचले ना, की पप्पा परत फॉर्म भरतील."

म्हणजे तिने नाच टाकला नव्हता, लपवला होता. घरात सरळ 'नको' म्हणायची सोय नसली की मुलं असे मार्ग काढतात. खरं सांगायचं तर मला तिच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

वडिलांना मी आधी नियम सांगितले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही. मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावावर मुदतठेवीत ठेवावे लागतात. आणि मुलाचीही संमती लागते. २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचनाही काढली होती की डान्स शोमध्ये लहान मुलांकडून सिनेमातले मोठ्यांचे हावभाव करून घेऊ नका. "आम्हाला कोण सांगणार हे?" ते म्हणाले. खरंच होतं. पण मुलीची संमती विचारायला कायद्याचं पुस्तक लागत नाही, हे आईच म्हणाली. मला बोलावंच लागलं नाही.

घरी 'परीक्षकांनी अन्याय केला' हे पालुपद चालू होतं. ते बंद करा म्हटलं. तुम्ही धीर द्यायला बोलता, पण तिला ऐकू येतं की खटला अजून संपलेला नाही. पाहुण्यांना मोबाइलवर तिचा व्हिडिओ दाखवणंही थांबवा. आणि खर्चाचं एकदाच, तिला समोर बसवून सांगा : तो आम्ही ठरवून केला, तुझ्याकडे काही येणं नाही. शेवटचं वाक्य वडिलांना फार जड गेलं. त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा मध्येच अडकले.

गणपतीनंतर आईचा फोन आला. वाडीतल्या पोरींबरोबर ती झिम्मा-फुगड्या खेळली, घामाघूम होईस्तोवर. कुणी शूटिंग केलं नाही. "आणि हे?" मी विचारलं.

"हे लांब उभे होते. मोबाइल खिशातून काढला आणि परत ठेवला."

पुढच्या ऑडिशनची जाहिरात लागली की काय होतं ते बघायचं आहे. तोवर महिन्यातून एकदा वडिलांनी एकट्याने माझ्याकडे यायचं ठरलंय. गॅदरिंगचं अजून बरंच बोलायचं राहिलंय त्यांचं.