अपघाताचा क्रम आठवत नाही, पण ट्रकचा ब्रेक ऐकला की सगळं परत डोळ्यांसमोर येतं. असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार महिन्यांपूर्वी पुण्यात बायपासवरच्या नवले पुलाच्या उतारावर ट्रकने तुमची कार मागून ठोकली. मागच्या सीटवरची मुलगी हाका मारूनही ओ देत नव्हती. आता ती ठणठणीत आहे. पण एअर ब्रेकचा ‘फुस्स’ आवाज आला की तुमचे हातपाय गार पडतात आणि पोलिसांनी क्रम विचारला तर सांगता येत नाही. घरचे म्हणतात, विसरून जा.

आधी एक खात्री करून घ्या. डोक्याला मार लागला होता का, काही क्षण शुद्ध हरपली होती का? तसं असेल तर मधला तुकडा मेंदूत नोंदलाच गेला नसेल आणि तो कुठल्याही उपचाराने परत येणार नाही. हे डॉक्टरांना जरूर सांगा.

तसं नसेल, तर जे होतंय त्याला कारण आहे. जीव धोक्यात असताना नॉरॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही तणावाची रसायनं वाढतात, अमिग्डाला हा धोका ओळखणारा मेंदूचा भाग जोरात काम करतो आणि आवाज, वास, शरीराचे झटके खोल कोरले जातात. कुठे, कधी, आधी काय, नंतर काय ही जुळणी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या दुसऱ्या भागाची, आणि नेमकी तीच अशा वेळी ढिली पडते. म्हणजे तुकडे ठळक, पण त्यांच्यावर तारखेचा शिक्का नाही. ‘फुस्स’ ऐकलं की शरीराच्या लेखी ते आत्ता चाललेलं असतं.

जबाबाचं म्हणाल तर ‘आठवत नाही’ हेही प्रामाणिक उत्तर आहे. व्हॉट्सॲपवर फिरलेला व्हिडिओ पाहून क्रम जुळवू नका. आठवण बाहेरचं सामान सहज आत घेते. 1986 साली चॅलेंजर यानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेत विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतलं होतं. अडीच वर्षांनी तेच विचारलं, तर कित्येकांची उत्तरं बदललेली आणि खात्री मात्र पक्की. ठळक आठवण म्हणजे अचूक आठवण, हा समज सोडलेला बरा.

पहिल्या महिन्यात असा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो. महिना उलटूनही नको असताना आठवणी घुसणं, टाळाटाळ, मन बधिर किंवा अपराधी होणं आणि सतत दचकणं, हे चारही टिकून असेल आणि रोजचं काम अडत असेल, तर पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराची, तपासणी करून घ्यावी. तुमचे चार महिने झालेत.

‘विसरून जा’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी उलटा पडतो. वारज्याहून कात्रजला जाताना तुम्ही बायपास सोडून सगळं शहर फिरून जाता. दर वेळी सुटल्यासारखं वाटतं आणि मेंदू शिकतो की वाचलो ते टाळलं म्हणून. भीती त्याच खुराकावर जगते.

उपचारात मुख्य काम दोन ठिकाणी होतं. पहिलं आठवणीवर, आणि ते प्रशिक्षित मानसतज्ज्ञाबरोबरच करा. प्रोलाँग्ड एक्स्पोजर या पद्धतीत साधारण 8 ते 15 सत्रं असतात, बहुधा 90 मिनिटांची. डोळे मिटून प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, तो रेकॉर्ड करायचा आणि घरी ऐकायचा. मग सगळ्यात जळजळीत क्षण शोधायचा. तुमचा बहुतेक ‘ती ओ देत नाही, ती गेली’ हा असावा. कॉग्निटिव्ह थेरपी या दुसऱ्या पद्धतीत त्या क्षणाशी थांबून आज ठाऊक असलेलं त्यातच घालतात: ‘ती बेशुद्ध होती. आज सकाळी ती डबा घेऊन कॉलेजला गेली.’ अपघात संपल्यावर, शेवटी हे सांगून फारसा उपयोग नाही. जिथे टोचतं तिथेच ते बसवावं लागतं. ईएमडीआर, म्हणजे प्रसंग आठवत असताना डोळे ठरावीक प्रकारे हलवायला लावणं, हीसुद्धा चांगला पुरावा असलेली पद्धत आहे.

दुसरं काम टाळाटाळीवर. 0 ते 100 अशी भीतीची पट्टी धरून जिना बनवा. उभ्या ट्रकचा व्हिडिओ, 30. वडगावच्या बाजूला रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर कोणाला तरी सोबत घेऊन बसणं, 45. रविवारी सकाळी शेजारच्या सीटवर बसून पूल ओलांडणं, 60. संध्याकाळच्या गर्दीत, 80. स्वतः चालवत, 90. एकेका पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, त्याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. पुलाची पायरी तेवढ्या वेळेत पुन्हा पुन्हा करायची. भीती टोकाला असताना पळून आलात, तर ती वाढते. दर दोन सेकंदांनी आरशात बघणं, हँडल घट्ट धरणं हीसुद्धा छुपी टाळाटाळच. रामरक्षा म्हणायला हरकत नाही, पण ‘म्हटली म्हणून पोचलो’ असं मनात बसलं तर पायरी चढल्यासारखी होत नाही.

रस्त्यात अचानक फ्लॅशबॅक आला, म्हणजे अपघात आत्ताच पुन्हा घडतोय असं वाटलं, तर फरक मोठ्याने बोला: ‘तेव्हा रात्र होती, आता ऊन आहे. तेव्हा मी कारमध्ये होते, आता भाजीवाल्यासमोर उभी आहे.’ तारखेचा शिक्का असा थोडा थोडा बसतो.

औषधांत सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरही दिली जाणारी औषधं वापरतात. परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि मनाने बंद करायची नाहीत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या मन शांत करणाऱ्या गोळ्या मात्र शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर अजिबात नको: सवय लागते, आणि भीती आपसूक उतरते हे शिकण्यात अडथळा येतो.

पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. मरणाचे विचार येत असतील, दारू वाढली असेल किंवा मधूनमधून आपण शरीराबाहेर असल्यासारखं वाटत असेल, तर जिना बाजूला ठेवा आणि आजच तिथे बोला. बाकी, खासगी तज्ज्ञाकडे गेलात तर पहिल्याच फोनवर विचारा: ‘ट्रॉमासाठी एक्स्पोजर किंवा ईएमडीआर तुम्ही स्वतः करता का?’ उत्तर नुसतं ‘आपण बोलू’ असं आलं, तर दुसरा नंबर फिरवा.