अजिंठ्यात फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही. किट लेन्सच्या व्हीआरवर हातात धरून फोटो निघतील का?

निघतील, आणि चांगले निघतील. तुमच्याकडे निकॉनचा क्रॉप (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवाला कॅमेरा आणि त्याच्यासोबत येणारी १८-५५ एमएमची व्हीआर किट लेन्स आहे (व्हीआर म्हणजे व्हायब्रेशन रिडक्शन, थरथर सावरणारी सोय), पुढच्या महिन्यात अजिंठ्याला जाताय, आणि मित्र म्हणतोय की अंधारात ही लेन्स कुचकामी आहे, आधी ५० एमएम एफ/१.८ घे. (एमएम म्हणजे फोकल लेंग्थ, आकडा मोठा तितकं दृश्य जवळ येतं; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त.) मी या लेण्यांत चार वेळा कॅमेरा घेऊन गेलोय, त्यातल्या तीन वेळा अशीच किट लेन्स लावून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करा: हलतंय कोण, तुम्ही की समोरचा? व्हीआर (कॅनन त्याला आयएस म्हणतं, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस, काम तेच) फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. लेन्समधले बारीक जायरो सेन्सर कॅमेरा वर-खाली आणि डावी-उजवीकडे किती वेगाने कलतोय ते मोजतात, आणि त्या हिशेबाने भिंगांचा एक छोटा गट सरकवून प्रतिमा सेन्सरवर जागच्या जागी ठेवली जाते. समोरचा माणूस हलला तर त्याला व्हीआर काही करू शकत नाही. आमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रेला रात्री दशावतार असतो. तिथे १/१५ सेकंदाच्या शटरवर काढलेल्या फोटोत मागचा पडदा आणि पेटी लख्ख येते, आणि तलवार फिरवणाऱ्या राजाचा नुसता धूर होतो. तिथे तुमच्या मित्राचंच खरं: एफ/१.८ लावा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) चढवा आणि १/२००च्या पुढे जा. लेण्यातली भिंत मात्र हलत नाही. व्हीआरसाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आता आकडे. हातात धरून फोटो न हलण्याचा जुना ठोकताळा असा, की शटर स्पीड निदान एक भागिले फोकल लेंग्थ एवढा हवा. क्रॉप सेन्सरवर त्याला दीडने गुणायचं. म्हणजे १८ एमएमला साधारण १/३० आणि ५५ला १/८०. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी; व्हीआर चार स्टॉपचं म्हटलं की सोळापट सूट मिळते, कारण दर स्टॉपला वेळ दुप्पट होतो. त्या हिशेबाने १८ एमएमला अर्ध्या सेकंदापर्यंत जाता यावं. मी तेवढा विश्वास टाकत नाही. ते आकडे ठरावीक चाचणीतून येतात, आणि तुम्ही अनवाणी, रांगेत, मागून लोक येत असताना उभे असता. १८ एमएमला १/८ आणि ५५ला १/१५ धरून चला.

मित्राच्या ५० एमएमचा हिशेबही करून बघा. तुमची लेन्स १८ एमएमला एफ/३.५ उघडते. एफ/१.८ त्यापेक्षा जवळजवळ दोन स्टॉप जास्त उजेड घेते, पण त्या लेन्सला व्हीआर नाही. म्हणजे थांबलेल्या विषयावर तुमची किट लेन्सच पुढे. शिवाय लेण्यात मागे सरकायला जागा नसते आणि ५० एमएममध्ये अख्खी भिंत बसत नाही. पण ५५ला झूम केलंत की तुमची लेन्स एफ/५.६वर येते, तिथे फरक तीन स्टॉपांच्या वर जातो आणि सामना बरोबरीत सुटतो. चित्र सपाट भिंतीवर असल्यामुळे एफ/१.८ची उथळ डेप्थ ऑफ फील्डही (फोकसमध्ये राहणारी खोली) तिथे आड येत नाही. तेव्हा चेहरा, दागिने, हातातलं कमळ असे जवळचे तपशील हेच तुमचं मुख्य काम असेल, तर मित्राचा सल्ला चुकीचा नाही. एरवी खर्च करू नका.

काहीही ठरवायच्या आधी एवढं बघा की तुमच्या लेन्सवर ‘व्हीआर’ ही अक्षरं खरंच आहेत. १८-५५ दोन्ही प्रकारांत विकली गेली आहे. नावात एएफ-पी (निकॉनचा एक लेन्स प्रकार) असेल तर लेन्सवर व्हीआरचं बटण सापडणार नाही, ते कॅमेऱ्याच्या मेनूत असतं.

आता वापरायचं कसं. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण व्हीआर चालू आहे म्हटल्यावर लोक मोबाइलसारखं लगेच बटण दाबतात. शटरचं बटण अर्धं दाबून थांबा. लक्ष दिलं तर लेन्समधून बारीक घरघर ऐकू येते, आणि व्ह्यूफाइंडरमधलं थरथरणारं चित्र एकदम पाण्यावर तरंगल्यासारखं संथ होतं. ते संथ झाल्यावर मनात ‘एक’ म्हणा आणि मग उरलेलं बटण दाबा. अर्ध्या-एक सेकंदाची ही वाट फुकट जात नाही. डावा हात लेन्सच्या खालून, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, पट्टा मानेवर ताणलेला, आणि श्वास सोडून झाल्यावर क्लिक. बटण टोचू नका, बोट हळूच दाबत न्या. यामागे कारण आहे: जोराने दाबलं की कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली जाते, म्हणजे चित्र गोल फिरतं, आणि लेन्समधलं भिंग सरकवून तो फिरकीचा दोष काढता येत नाही. तो सेन्सर हलवणाऱ्या कॅमेऱ्यांनाच जमतो. म्हणून कंटिन्युअस मोड लावा आणि तीन-चार फोटो सलग घ्या. पहिला बोटाच्या धक्क्याने बिघडतो, दुसरा-तिसरा बहुतेक वेळा शार्प निघतो.

आणि कितीही मोह झाला तरी आधारासाठी भिंतीला किंवा खांबाला टेकू नका. खांबांवरही रंग आहे. गुडघ्यावर बसून कोपर मांडीवर टेकवलंत तर तेवढाच आधार मिळतो.

पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र गर्भगृहाच्या दाराच्या डाव्या अंगाला आहे. तिथे दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात. मला एफ/३.५, १/८, आयएसओ ३२०० या आकड्यांवर चांगले फोटो मिळाले. तुम्ही शटर प्रायॉरिटी लावून १/८ किंवा १/१५ ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा म्हणजे दिव्यांचा पिवळेपणा घरी काढता येईल. जास्त आयएसओमुळे फोटोत दाणे थोडे येतील, येऊ द्या. दाणे कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. सव्विसाव्या लेण्यात डाव्या भिंतीला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सुमारे ७ मीटर लांब. तिथे १८ एमएमच लागेल, आणि समोरून माणसं जात राहतात. संथ शटरला ती पुसट येतात, मूर्ती मात्र स्पष्ट राहते. मला तो फोटो रिकाम्या लेण्यापेक्षा जास्त आवडतो.

जायच्या आधी घरी एक संध्याकाळ द्या. भिंतीवरचं कालनिर्णय घ्या, तारखांच्या चौकोनातली बारीक अक्षरं पुरे. ५५ एमएमवर, व्हीआर बंद ठेवून १/६०, १/३०, १/१५ आणि १/८ला प्रत्येकी दहा फोटो, मग व्हीआर चालू करून तेवढेच. स्क्रीनवर पूर्ण मोठे करून वाचता येणारे मोजा. माझे १/१५ला व्हीआरशिवाय दहात एखाद-दुसरा आणि व्हीआरसह सात-आठ येतात. तुमचा हात माझ्याहून स्थिर असेल किंवा नसेल, पण हा तुमचा स्वतःचा आकडा लेण्यात कामाला येईल.

बिघडलेला फोटो वाचायलाही याच वेळी शिका. सगळं चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसलं, चकाकणारा ठिपका स्वल्पविरामासारखा झाला, तर हात हलला. एक भाग शार्प आणि नेमका हवा तो मऊ, तर फोकस चुकला. अंधाऱ्या लेण्यात हे पुष्कळदा होतं, म्हणून रंगाची ठळक कड किंवा डोळ्याची रेघ धरून फोकस करा. भिंत शार्प आणि माणूस पुसट, तर माणूस हलला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि व्हीआर फक्त पहिल्यावर चालतं.

कॅमेरा कधी ट्रायपॉडवर लावलात तर व्हीआर बंद करा. हरिश्चंद्रगडावर एका रात्री मी जुन्या टेलिझूमवर (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर) ते चालू ठेवून २० सेकंदांचे बारा फोटो काढले. बाराच्या बारांत प्रत्येक ताऱ्याला वाकडी शेपटी होती. हलणं काहीच नसताना यंत्रणा स्वतःच भिंग हलवत राहिली होती. नव्या लेन्सेसपैकी बऱ्याच ट्रायपॉड ओळखतात, तरी सवय असलेली बरी.

आणखी एक, तुम्ही बाइकने जाणार असं लिहिलंय म्हणून. मोबाइल हँडलला लावून नेऊ नका. ॲपलने २०२१मध्येच सांगितलंय की मोठ्या मोटरसायकल इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं. कॅमेराही बाइकवर न बांधता पाठीवरच्या सॅकमध्ये, कपड्यांत गुंडाळून न्या.

सोमवारी अजिंठा बंद असतो, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेणार असाल तर शुक्रवारची घ्या.